वाटा नसलेल्यांचे पाणी

मातीच्या लहान धरणावर दोन प्रकारची माणसे येतात. पहिल्या माणसाचा त्या पाण्यात वाटा असतो. त्याचे शेत कालव्याच्या खाली असते, पाणीवाटपाच्या यादीत त्याचे नाव असते, तो पाणीपट्टी भरतो आणि पाणी कमी मिळाले तर भांडू शकतो. दुसऱ्याकडे यांतले काहीच नसते. तो पोहायला येतो, गळ टाकून बसतो, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन भाकरी खायला येतो, किंवा संध्याकाळी पाळीवरून एक फेरी मारून घरी जातो. सरकारी कागदात धरणाचा हेतू म्हणून पहिल्याचीच नोंद होते. इतके हेक्टर भिजले, इतके दशलक्ष घनफूट पाणी साठले, असा हिशेब लागतो. दुसऱ्याचे येणे ही त्या हिशेबाच्या कडेला पडलेली गोष्ट मानली जाते. कोणी अडवत नाही म्हणून तो येतो, एवढेच. मला प्रश्न पडतो तो असा: या दुसऱ्या माणसाचे त्या पाण्याशी नाते काय? ती मेहेरबानी आहे की हक्क? हा प्रश्न पाटबंधारे खात्याचा वाटेल, पण मुळात तो धर्माचा आहे. या देशात तलाव बांधणे हे हजारो वर्षे पुण्यकर्म मानले गेले, आणि पुण्य नेमके कशात आहे याचा विचारही आपल्या शास्त्रकारांनी बारकाईने केला. तो विचार नीट पाहिला तर उत्तर अनपेक्षित निघते. वाटेकऱ्यामुळे तलाव उपयोगी ठरतो. तो धर्मकार्य ठरतो ते मात्र ज्याचा वाटा नाही त्याच्यामुळे.

हा विचार हवेत राहू नये म्हणून एक खरा तलाव समोर ठेवू. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध आहे. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीने अडवून हा जलाशय झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भात कोहळी समाज तलाव बांधण्यात आणि धान, ऊस पिकवण्यात वाकबगार म्हणून ओळखला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे काही हजार तलाव आहेत. मालगुजारीच्या, म्हणजे सारावसुलीच्या जुन्या जमीनदारी पद्धतीच्या, काळावरून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे बोलीत मामा तलाव म्हणतात. त्यांची रचना साधी असते. उताराला आडवी मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम, जास्तीचे पाणी जायला सांडवा, आणि खाली धानाच्या बांध्या. परतीच्या पावसाने दगा दिला आणि लोंबी भरायच्या वेळी बांधी सुकू लागली, की तलावातले एक पाणी पीक तारून नेते. नवेगावबांधच्या पाण्यावर शेती होते, ढिवरांची मासेमारी होते, हिवाळ्यात पाखरे उतरतात, आणि आज पर्यटक येतात. 1975 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे राहिले आणि त्यांच्या लेखणीने हे पाणी मराठी वाचकाच्या घरात आणले. यात मला सर्वांत बोलकी वाटते ती श्रद्धेची एक गोष्ट. ज्या कोलू पाटलाने पाळ बांधली तो पुढे देव झाला. कोलासुर नावाने जलाशयाभोवतीच्या एका शिखरावर त्याचे ठाणे आहे. त्या शिखरांना सात बहिणी म्हणतात आणि पाळ बांधायला त्यांनी हात लावला, अशी समजूत आहे. बांधणारा मालक म्हणून लोकांच्या ध्यानात राहिला नाही, राखणदार म्हणून राहिला. कुठलाही ग्रंथ न उघडता लोकांनी लावलेला हा अर्थ धर्मशास्त्राच्या अगदी गाभ्याशी जाऊन भिडतो.

धर्मशास्त्र पुण्यकर्मांचे दोन भाग करते: इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, बारव, तलाव, देऊळ, अन्नदान, बाग हे पूर्त. वैदिक यज्ञाचा अधिकार मोजक्यांना होता. पूर्ताचा अधिकार शूद्रालाही आहे, असे स्मृतीच सांगतात. म्हणून कुणबी, कोहळी, गोंड राजा किंवा एखादी विधवा बाई यांना धर्माच्या दारात मानाने उभे राहण्यासाठी तलाव हा मोठा मार्ग होता. पण नुसते खोदून, बांधून तो पूर्त होत नसे. त्याचा उत्सर्ग करावा लागे, म्हणजे बांधणाऱ्याने सर्व भूतांसाठी त्यावर उदक सोडायचे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतला भेद स्पष्ट करून दिला आहे. दानात वस्तू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते. देणाऱ्याची मालकी संपते, घेणाऱ्याची सुरू होते, आणि देणाऱ्याने ती वस्तू पुन्हा वापरायची नसते. उत्सर्गात देणाऱ्याची मालकी संपते, पण दुसऱ्या कोणाचीही सुरू होत नाही. वस्तू सगळ्यांची होते, आणि त्या सगळ्यांत देणाराही येतो, म्हणून तो स्वतःच्या तलावात इतरांसारखे स्नान करू शकतो, असे बहुतेक ग्रंथकार मानतात. केवढी मोठी कल्पना आहे ही! ज्याने पैसा ओतला, माती वाहिली, तो पाळीवरून उतरताना वाटा नसलेल्या माणसांच्या रांगेत येऊन उभा राहतो.

इथून माझ्या युक्तिवादाला सुरुवात होते. सिंचन हा वाटा आहे. वाटा म्हटला की मोजमाप येते, यादी येते, क्रम येतो, आणि यादीबाहेरच्याला नाही म्हणणेही येते. त्यात वावगे काही नाही. मोजल्याशिवाय पाणी न्यायाने वाटताच येत नाही. पण जिथे नाही म्हणण्याचा अधिकार आहे तिथे, कितीही सौम्य असो, एक प्रकारची मालकी आहे. म्हणून नुसत्या सिंचनाकडे पाहून तलावाचा उत्सर्ग झाला आहे की नाही हे कळत नाही. मालकाने कुळांना पाणी दिले काय आणि सर्व भूतांसाठी सोडलेल्या तलावाचे पाणी शेतात गेले काय, बांधीत दोन्ही सारखेच दिसते. फरक कळतो तो वाटा नसलेला माणूस पाण्याशी आल्यावर. त्याला कोणी विचारले नाही तर तलाव सोडलेला आहे. विचारले तर तो सोडलेला नाही, मग पाळीवर कितीही मोठी पूजा झालेली असो. गंमत म्हणून पोहायला आलेला पोरगा हा या कसोटीचा सर्वांत शुद्ध नमुना आहे. त्याच्याकडे गरजेची सबबही नाही. तहानलेल्याला पाणी देणे माणुसकीत बसते, तिथे मालकही नाही म्हणत नाही. पण ज्याला काही नको आहे, ज्याला फक्त आनंद हवा आहे, त्याच्यासाठीही जागा असणे हे खऱ्या त्यागाचे लक्षण आहे.

आनंदाला पूर्तात जागा होती का, अशी शंका कोणी काढील. पूर्ताची यादीच त्याचे उत्तर देते. तिच्यात तलावाच्या शेजारी बाग आहे. सावलीत बसावे, फुले पाहावीत, वाटसरूने टेकावे, एवढ्यासाठी लावलेली बाग विहिरीच्या आणि अन्नछत्राच्या पंगतीत बसवली आहे. मनुस्मृतीतल्या उपपातकांच्या यादीतही तलाव आणि बाग विकणे हे बायको आणि पोटचे पोर विकण्याच्या शेजारी ठेवले आहे. मनुस्मृतीतले पुष्कळ काही त्याज्य आहे आणि पुढे त्याबद्दल बोलायचेच आहे. तरी या एका ठिकाणी तिचा कौल नेमका आहे: तलाव आणि बाग बाजारात मांडायच्या वस्तू नव्हेत. रुद्रदामन राजाच्या गिरनारच्या शिलालेखातही अशीच साक्ष आहे. सुदर्शन तलावाचा मातीचा बांध चंद्रगुप्त मौर्याच्या काळात घातला गेला, अशोकाच्या काळात त्याला कालवे जोडले गेले, आणि इसवी सन 150 च्या सुमारास तो वादळात फुटला. रुद्रदामनाच्या लेखात फुटलेल्या खिंडाराची लांबी, रुंदी, खोली हातांत मोजून दिली आहे. शिवाय पाणी वाहून गेल्यावर ती जागा वाळवंटासारखी, पाहवेनाशी झाली, हेही नोंदले आहे. पाणी डोळ्यांना हवे असते हे त्या राजवटीच्या अधिकृत लेखाने लपवले नाही.

मीमांसकांचा, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, एक आक्षेप इथे आडवा येतो, आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. शबरस्वामी जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात म्हणतो की पाणपोया आणि तलाव यांचा हेतू डोळ्यांना दिसतो; ते परोपकारासाठी आहेत, धर्मासाठी नाहीत. म्हणजे ज्याचे फळ इथेच दिसते त्यासाठी अदृष्ट पुण्य कल्पायची गरज नाही. मग तलावाच्या संदर्भात धर्माची भाषा कशाला? उपयोगाची पुरे. मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. तलाव बांधून स्वर्ग मिळतो की नाही यावर माझे काहीच अवलंबून नाही. पण दृष्ट फळ मोजायचे ठरवले तर ते पुरते मोजायला हवे. धानाच्या पोत्यांइतकेच पाण्यात उडी मारणाऱ्या पोराचे हसणे दृष्ट आहे, दिवसभर चिखलात रोवणी करून आलेल्या बाईने पाण्यात पाय सोडून बसणेही तितकेच दृष्ट आहे. आणि परोपकार या कल्पनेतच पर आहे, जो आपला नाही तो. वाटेकरी एकमेकांना पाणी देतात तेव्हा तो चांगला करार असतो. वाटा नसलेल्याला पाणी खुले राहते तेव्हाच शबरस्वामीच्या अर्थानेही परोपकार होतो.

आता व्यवहारातला आक्षेप. जिथे माणसे टँकरची वाट पाहतात तिथे पाण्यात खेळणे ही चैन आहे, पापच आहे, असे म्हटले जाते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. त्या आदेशामागची भावना योग्यच होती. पण तो खेळ पाण्याला आपल्याकडे ओढून घेणारा होता. मैदान हिरवे ठेवायला पाणी तिथवर न्यावे लागत होते. वॉटरपार्क आणि बंगल्यातला तरणतलाव त्याच जातीचे. पाळीवर येणारा माणूस पाण्याकडे जातो आणि परततो तेव्हा पाणी जिथे होते तिथेच असते. सूर्य बाष्पाचा आपला वाटा घेतोच, कोणी पोहले तरी आणि न पोहले तरी. शिवाय या माणसाचा हक्क कुठल्याही परिमाणावर नाही. टंचाई आली की पिण्याचे पाणी आधी, मग जनावरे, मग पीक, या क्रमात तो उभाच राहत नाही. तलाव आटला की त्याचा हक्कही निमूट आटतो, आणि पुढच्या पावसात तलावाबरोबर परत येतो. ज्याने कोणाचा घोटही कमी होत नाही, त्याला टंचाईचे कारण सांगून हाकलणे मला अन्यायाचे वाटते.

आणि चैन कोणाची? हा प्रश्न मी जरा थांबून विचारू इच्छितो, कारण इथे आपली नजर बहुधा चुकते. पाळीवर फिरायला येणारा म्हटला की मोटारीतून आलेला शहरी पर्यटक डोळ्यांसमोर येतो. पण वर्षभर रोज तिथे येणारे लोक पाहिले तर त्यांत भूमिहीन अधिक असतात. सिंचनाचे पाणी जमिनीच्या मागे जाते. ज्याची जमीन अधिक त्याला पाणी अधिक, आणि जमीन नाही त्याला शून्य. तलावाशी त्या घराचे सगळे नाते आंघोळ, धुणे, म्हशी धुणे, चार मासे, शिंगाडे आणि घटकाभर विसावा इतकेच असते. हा वापर दुय्यम ठरवला की गावातली सर्वांत गरीब घरेच तलावाच्या हेतूतून खोडली जातात. मग सगळ्यांनाच वाटा द्या, असे कोणी म्हणेल. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नेमके तेच केले. त्यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवरून सोडवून माणसांच्या संख्येवर बांधला आणि भूमिहीनालाही त्यात घेतले. वाटपाची याहून न्याय्य रीत मला माहीत नाही, आणि ती प्रत्येक गावात यावी असे मला मनापासून वाटते. तरीही सर्वांत न्याय्य यादी गावाच्या शिवेवर संपतेच. मेंढरे घेऊन जाणारा धनगर तिच्यात नसतो, पाहुणी आलेली लेक नसते, आणि गोंदियाच्या धानपट्ट्यात जे थोडे सारस उरले आहेत तेही नसतात. उत्सर्ग माणसांपाशी थांबत नाही, सर्व भूतांपर्यंत जातो. यादीने ते साधत नाही. यादीच्या बाहेर काहीतरी खुले ठेवावे लागते.

सर्वांत जड आक्षेप मात्र पुढेच आहे. ज्या परंपरेने सर्व भूतांसाठी उदक सोडले, तिनेच माणसांना पाणवठ्यावरून हाकलले. महाडचे चवदार तळे हे त्याचे कायमचे उदाहरण आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले, तरी अस्पृश्य मानलेला माणूस तिथे जाऊ शकत नव्हता. जनावरे पाणी पीत होती, इतर धर्मांचे लोक भरत होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो सत्याग्रहींसह त्या पाण्याला हात लावला. नंतर सनातन्यांनी एकशेआठ घागरी पंचगव्य ओतून तळे शुद्ध केले. दावा चालला आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. अनादी काळापासूनची वहिवाट असल्याचे सनातन्यांना सिद्ध करता आले नाही. हे सगळे जाणूनही उत्सर्गाची महती गाणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे नाही का?

या आक्षेपापुढे मान खाली घालावीच लागते. सर्व भूतांसाठी, असे म्हणत सोडलेल्या पाण्यावर जातीचा पहारा बसवणाऱ्यांनी तो उत्सर्ग खोटा पाडला, आणि त्यांना ग्रंथांचा आधारही मिळत राहिला, कारण तलाव विकू नये म्हणणारे ग्रंथच माणसामाणसांत पायऱ्या लावणारे होते. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती या पहाऱ्यामुळेच. पण महाडचा मार्ग बारकाईने पाहा. बाबासाहेबांनी त्या पाण्यात वाटा मागितला नाही, वेगळा घाट मागितला नाही, अमुक वेळी अमुक घागरी असा करार मागितला नाही. त्या पाण्यावाचून आपण मरणार नाही, आपण समतेसाठी इथे आलो आहोत, हीच त्यांची भूमिका होती. म्हणजे मागणी गरजेच्या भाषेतली नव्हतीच. जिथे कोणालाही विचारले जात नाही तिथे आम्हालाही विचारू नका, ही ती मागणी होती. वाटा नसलेल्या माणसाचा हक्क इतक्या ठामपणे या भूमीवर दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. त्याआधी सुमारे साठ वर्षे, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पोथी, पुरोहित यांतले काहीच नव्हते, आणि तरी तो खरा उत्सर्ग होता. म्हणून मी असे म्हणतो की महाडने पूर्ताची कल्पना मोडली नाही. जी कल्पना शतकानुशतके कागदावर पडून होती तिचा खरा वापर महाडने केला. आजही एखाद्या गावाच्या तलावात कोणी पोरगा पोहला म्हणून त्याची जात काढली जात असेल, तर त्या तलावाचा उत्सर्ग झालेला नाही, असेच धरले पाहिजे.

हक्काची बाजू इतकी लावून धरल्यावर जबाबदारीकडे वळायला हवे, कारण मातीच्या धरणाचा स्वभावच तसा आहे. दगडी धरण दुर्लक्ष काही काळ सोसते. माती सोसत नाही. पाळीच्या माथ्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या की पावसाचे पाणी त्यांत साचून मुरते. खालच्या उतारावरून माणसांनी पायवाटा पाडल्या की त्यांच्या घळी होतात. झाडे वाढू दिली तर मुळे कुजून पोकळ्या राहतात, उंदीर-घुशींची बिळे पाझराला वाट देतात. पाझर गढूळ येऊ लागला म्हणजे आतली माती वाहून चालली, आणि मग वेळ थोडा उरतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी सांगितलेले होते. पाळ ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही, दरवर्षी पुन्हा करावी लागणारी आहे. मग ज्याचा वाटा नाही त्याच्याकडून काय अपेक्षा धरायची? वाटेकरी पट्टी भरतो, श्रमदानाला येतो. पोहायला येणारा फुकट्या ठरतो की काय?

याज्ञवल्क्यस्मृतीत यावर एक नियम आहे, आणि इतका सुंदर नियम धर्मशास्त्रात क्वचितच सापडेल. दुसऱ्याच्या पाण्यात स्नान करायचे तर आधी तळातून मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावेत, त्याशिवाय आत उतरू नये. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचा खुलासा केला आहे: सर्वांसाठी न सोडलेल्या तलावाला हा नियम लागू, स्वतःच्या, सोडलेल्या किंवा परवानगी असलेल्या पाण्यात गोळे न काढताही स्नान चालेल. स्मृतिकारांच्या मनात पापाची बाधा टाळणे असेल, पण पाच गोळे म्हणजे पाच ओंजळी गाळ. येणारा प्रत्येकजण तेवढा गाळ काढत राहिला तर तलाव थोडा तरी खोल राहील. मिताक्षरेने सोडलेल्या तलावाला दिलेली सूट मात्र मी आज घेणार नाही. त्या काळी राजा, मालगुजार, गाव असे कोणीतरी गाळ काढण्याला बांधलेले होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, मामा तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराचा जाच गेला हे उत्तमच झाले, पण त्याबरोबर गावाचा हातही पाळीवरून निघाला. तलावात गाळ चढला, काठाला बेशरमाची झुडपे माजली. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 पासून राज्याने चालवली, ती या जखमेवरचाच उपाय आहे. तलाव सर्वांचा असेल तर पाच गोळेही सर्वांचेच, आणि सर्वांत आधी त्याचे, जो काही न मोजता येतो आणि जातो. उन्हाळ्यात एक दिवस फावडे, पाळीवरून गाडी न नेणे, प्लास्टिक आणि बाटली परत नेणे, गढूळ पाझर दिसला तर गावाला सांगणे. एवढे केले तर त्याला फुकट्या म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

एक शंका मात्र पूर्ण मिटत नाही, आणि ती मी मिटल्याचे भासवणार नाही. पाळीच्या आत ज्याचे शेत बुडाले त्याचे काय? आपले नाही ते कोणी सोडू शकत नाही. जैमिनीच्या सूत्रांतच विश्वजित् यज्ञाच्या प्रकरणात हा विचार आहे: सर्वस्व द्यायचे तरी राजाला भूमी देता येत नाही, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. सार्वभौम राजाची ही मर्यादा असेल तर पाटबंधारे खात्याचीही आहे. दुसऱ्याचे शेत बुडवून बांधलेला तलाव लोकार्पणाच्या फितीने पूर्त होत नाही; आधी त्या घराचे ऋण फेडावे लागते, पैशाने आणि लाभक्षेत्रातल्या जमिनीनेही. रुद्रदामनाच्या लेखात सुदर्शनाची दुरुस्ती प्रजेवर कर किंवा वेठ न लादता स्वतःच्या कोशातून केली, असे अभिमानाने सांगितले आहे. राजाची बढाई म्हणून त्यातला काही भाग वजा केला, तरी वेठीने बांधलेल्या पाळीचे पुण्य लागत नाही, ही जाणीव अठराशे वर्षांपूर्वी होती हे त्यातून दिसतेच.

या सगळ्याला कायद्यात घर मिळू शकते, आणि पूर्व विदर्भात ते जुनेच आहे. तिथे निस्तार नावाचा हक्क आहे. गुरांना पाणी, आंघोळ, धुणे, जळण, चराई असे गावाचे रोजचे वापर निस्तारपत्रकात नोंदलेले असतात, आणि जमीन असो वा नसो, ते गावच्या प्रत्येकाचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावतळ्यावरचे अतिक्रमण हटवताना अशा सामाईक जागा गावाच्याच राहिल्या पाहिजेत, असे ठामपणे सांगितले. सरकारने तलाव ताब्यात घेतला म्हणजे सरकार मालक झाले असे नव्हे. ज्याच्यासाठी सोडले होते त्याच्या वतीने ते सांभाळणारे झाले, कोलासुरासारखे. पर्यटन वाढवण्याच्या नादात आज अनेक लहान धरणांच्या काठी कुंपण, फाटक आणि तिकीट येऊ लागले आहे. नाव चालवणाऱ्याने नावेचे पैसे घ्यावेत, चहावाल्याने चहाचे घ्यावेत. त्यात कष्ट आहेत, त्याचा मोबदला रास्त आहे. पाळीवर पाऊल ठेवण्याचे पैसे मात्र कोणी घेऊ नयेत, ग्रामपंचायतीनेही नाही, कारण तिथे वाटा नसलेल्या माणसाला प्रथमच विचारले जाते. निस्तारपत्रके जिथे आहेत तिथे त्यांत पोहणे, बसणे, फिरणे हे वापर नावानिशी लिहावेत. जिथे नाहीत तिथे ग्रामसभेने तसा ठराव घ्यावा, आणि उन्हाळ्यातला गाळ काढण्याचा दिवस त्याच ठरावात बांधून टाकावा, वाटेकऱ्यांसाठी आणि बिनवाटेकऱ्यांसाठी एकच.